नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेताना डेसिबलचा रकाना वगळून पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सणाच्या खरेदीनिमित्त आपल्या दैनिकात महागड्या वायरलेस हेडफोनची तुलना छापून आली. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ आणि बोसचा क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा शेजारी शेजारी मांडून बॅटरीचे तास, वजन, ब्लूटूथची आवृत्ती, 'इतक्या डेसिबलपर्यंत शांतता' असे रकाने भरले होते. तक्ता वाचायला सोपा होता, पण तो वाचून कोणता घ्यावा हे ठरत नाही. छापील किंमत ३५ हजारांच्या घरात असलेल्या वस्तूबाबत हे ठरायला हवे. ध्वनिमुद्रण आणि ध्वनियंत्रणेचे काम करणारे आम्ही दोघे आहोत. तक्त्यात न बसणाऱ्या गोष्टी इथे मांडतो.

आधी एक खुलासा. सोनीचा हा नमुना मे २०२२ मधला आणि बोसचा २०२३ च्या शरद ऋतूतला. दोघांच्याही पुढच्या आवृत्त्या २०२५ मध्ये आल्या. त्यामुळे दुकानदार ही जुनी जोडी भरघोस सवलतीत काढत आहेत, आणि आमच्या मते घेण्याची खरी वेळ हीच आहे. नव्या आवृत्त्यांत सुधारणा आहेत. सोनीच्या एक्सएम६ ला पुन्हा दुमडता येणारी बिजागरी मिळाली, बोसच्या दुसऱ्या पिढीची बॅटरी २४ तासांवरून ३० तासांवर गेली आणि तिला यूएसबी-सी केबलने गाणे ऐकण्याची सोय आली. या सुधारणांसाठी वरचे दहा-बारा हजार मोजायचे का, हे ज्याने-त्याने ठरवावे.

आता डेसिबलकडे. नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे गोंगाटाचे रद्दीकरण, असे चालते: वाटीच्या बाहेरचा माइक गोंगाट टिपतो, आतला माइक कानापाशी काय उरले ते टिपतो, आणि चिप त्याच्या उलट कलेची, म्हणजे चढाच्या जागी उतार असलेली, लहर स्पीकरमधून सोडते. ही कल्पना नवी नाही. जर्मन शास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना तिचे अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळाले होते. अडचण आहे ती वेळेची. गोंगाट २० डेसिबलने कमी करायचा म्हणजे ध्वनिदाब एक दशांशावर आणायचा. त्यासाठी उलटी लहर जवळपास सहा अंशांच्या आत (लहरीचे पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे) जुळावी लागते. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) घरघरीला याचा अर्थ ०.१६ मिलिसेकंदाची मुभा, १००० हर्ट्झला ०.०१६ मिलिसेकंद, आणि ५००० हर्ट्झला त्याचाही पाचवा हिस्सा. शिवाय १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटर लांब असते, तर ५००० हर्ट्झची जेमतेम सात सेंटिमीटर. वाटी कानावर थोडी सरकली तरी वरच्या पट्टीतले, म्हणजे उंच स्वरांचे, सगळे गणित चुकते. म्हणून कोणत्याही कंपनीचा असा हेडफोन साधारण हजार हर्ट्झच्या खालीच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने काम करतो. त्यावरचे जे काही अडते ते कानाभोवतीची गादी आणि वाटी यांच्या जोरावर, चिपचा तिथे संबंध नाही.

जाहिरातीतला डेसिबलचा मोठा आकडा बहुधा एखाद्या सोयीच्या वारंवारतेवर मिळालेली कमाल घट असते. सरासरी तिच्यापेक्षा बरीच कमी निघते. दोन कंपन्यांचे असे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात काहीच अर्थ नाही. माइकच्या संख्येचेही तसेच. सोनी गोंगाट रोखण्यासाठी आठ माइक असल्याचे सांगते, पण आठ माइक म्हणजे चार माइकांच्या दुप्पट शांतता असे होत नाही.

तुमच्या कानाशी रोज कोणता आवाज असतो, इथून सुरुवात करावी. स्थानकावर थांबलेल्या बसचे सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर घरघरत असेल तर त्याचा मूळ स्वर ३५ हर्ट्झच्या आसपास येतो. एसीचा कॉम्प्रेसर आणि ट्रान्सफॉर्मर यांची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर. विमानाच्या केबिनमधला गोंगाटही बहुतांश खालच्या पट्टीतला आणि एकसारखा. असे आवाज हे दोन्ही हेडफोन जवळजवळ पुसून टाकतात, आणि त्यात फरक शोधत बसणे व्यर्थ आहे.

स्वयंपाकघरातला मिक्सर मात्र मिनिटाला १८ हजार फेऱ्या मारतो. त्याचा मूळ स्वर ३०० हर्ट्झवर बसतो, पण कार्बन ब्रशची करकर आणि भांड्याचा खडखडाट कितीतरी वर जातो. मूळ घरघर जाते, किरकिर राहते. माणसाचे बोलणे तर नेमके या सीमेवर असते. जुन्या टेलिफोनला बोलणे कळण्यासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरत, यावरून अंदाज यावा. शेजारच्या टेबलावरच्या गप्पा बंद होतील या आशेने जे हेडफोन घेतात त्यांची निराशा ठरलेली. आवाज दबतो, दूर गेल्यासारखा वाटतो, पण शब्द कळत राहतात. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, लोकल वळणावर आली की चाकांची येणारी किंचाळी, यांच्यावर इलाज गादीचाच. ढोल-ताशा पथक दाराशी असेल तर ढोलाचा घुमारा थोडा कमी होतो, ताशा जसाच्या तसा. तेवढ्या मोठ्या आवाजात बाहेरचा माइकच भरून जातो आणि चिप अधूनमधून हार मानते.

या मधल्या पट्टीत, म्हणजे बोलणे आणि मिक्सरच्या प्रदेशात, आमच्या मते बोस थोडा सरस आहे. खालच्या पट्टीत दोघे तुल्यबळ. कार्यालयात बसून काम करणाऱ्याने बोसला झुकते माप द्यावे.

पण हे सगळे गादी कानाभोवती घट्ट बसली तर. तक्त्यात न येणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि दुकानातही ती कोणी सांगत नाही. चष्म्याच्या काडीखाली दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली की खालची पट्टी तिथून आत शिरते, आणि गाण्यातला खर्जही तिथूनच बाहेर पळतो. जाड चौकटीचा चष्मा, कानातल्या मोठ्या कुड्या, केसांचा जाड पेड, टोपी, कानावरून घेतलेली ओढणी, सगळ्याचा परिणाम तोच. 'याचा बेस बारीक आहे' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा चष्मा कारणीभूत असतो. उपाय असा: पातळ काडीचा चष्मा वापरावा, काडी कानाच्या वरच्या टोकाला टेकेल इतकी उचलावी आणि केस गादीच्या बाहेर काढावेत.

क्रमही महत्त्वाचा आहे. बोसचा हेडफोन डोक्यावर चढवताच एक छोटा सूर वाजवतो आणि कानाच्या पोकळीतून तो कसा परत येतो हे मोजून स्वतःला जुळवून घेतो. म्हणून चष्मा आधी, हेडफोन नंतर. मध्येच चष्मा घातला किंवा काढला तर हेडफोन एकदा उतरवून पुन्हा घालावा. सोनीचा एक्सएम५ हे जुळवून घेणे आपोआप, वापर चालू असतानाच करतो, त्यामुळे तिथे हा खटाटोप लागत नाही.

काहींना नॉइज कॅन्सलिंग चालू होताच कानात दडा बसल्यासारखे होते. प्रत्यक्षात हवेचा दाब बदललेला नसतो. खालची पट्टी अचानक नाहीशी झाल्यामुळे तसा भास होतो, आणि काही जणांना तो शेवटपर्यंत सोसत नाही. अशांसाठी बोसच्या ॲपमध्ये रद्दीकरणाची मात्रा शून्य ते दहा अशी कमी-जास्त करता येते. सोनीत रद्दीकरण एकतर पूर्ण चालू असते, नाहीतर बाहेरचा आवाज आत सोडण्याच्या पायऱ्या निवडाव्या लागतात. ज्यांना दडा बसतो त्यांनी केवळ या कारणासाठी बोस घ्यावा.

वाऱ्याबद्दल दोन शब्द. लोकलच्या दाराशी किंवा खिडकीशी बसले की वारा बाहेरच्या माइकवर आपटतो, चिपला तो गोंगाट वाटतो आणि ती त्याची उलटी लहर कानात ओतते. फडफड ऐकू येते ती यामुळे. अशा वेळी खिडकी सोडावी, किंवा तेवढ्यापुरते रद्दीकरण कमी करावे. (खिडकीची जागा मिळाल्यावर ती सोडणारा मुंबईकर कुठे भेटेल, हा भाग वेगळा.)

कोडेकवरून, म्हणजे ब्लूटूथवर गाणे दाबून पाठवण्याच्या पद्धतीवरून, आपल्याकडे फार वाद होतात. सोनीत एलडॅक आहे, जो सेकंदाला ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिटने चालतो. बोसमध्ये ॲप्टएक्स अडॅप्टिव्ह आहे, तो २७९ ते ४२० किलोबिटच्या दरम्यान राहतो. कागदावर सोनी पुढे. पण आयफोनला यातले एकही येत नाही, तिथे दोन्ही हेडफोन एएसी या साध्या कोडेकवरच चालतात. सॅमसंगच्या फोनमध्ये एलडॅक आहे, ॲप्टएक्स अडॅप्टिव्ह नाही. म्हणजे सॅमसंगवाल्याला बोसचा तो रकाना निरुपयोगी आणि आयफोनवाल्याला दोन्ही. शिवाय गाण्याच्या ॲपवरून ३२० किलोबिटचीच फाइल येत असेल तर ती ९९० किलोबिटच्या नळातून सोडून काही मिळत नाही. आणि गर्दीच्या स्थानकावर, जिथे शेकडो फोन एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतात, तिथे ९९० किलोबिटवर गाणे तुटते. सोनीच्या ॲपमध्ये 'दर्जाला प्राधान्य' आणि 'स्थिर जोडणीला प्राधान्य' असे दोन पर्याय आहेत. प्रवासात दुसरा ठेवावा, घरी पहिला. अँड्रॉइडवर एलडॅक खरोखर चालू आहे का, हे ब्लूटूथच्या यादीत हेडफोनच्या नावाशेजारच्या चाकावर बोट ठेवून तपासता येते. बऱ्याचदा ते बंदच असते आणि मालकाला पत्ता नसतो.

ध्वनीच्या चवीबद्दल. दोन्ही हेडफोन कारखान्यातून निघतात ते खर्ज चढवूनच. हिंदी-पंजाबी नाचगाण्यांना ते शोभते, पण ख्याल किंवा नाट्यसंगीत लावले की डग्गा इतका घुमतो की तानपुऱ्याची जवारी त्याखाली गाडली जाते. सोनीत पाच पट्ट्यांचा इक्वलायझर (स्वरपट्ट्या कमी-जास्त करण्याची सोय) आणि खर्जाची वेगळी 'क्लिअर बास' पट्टी आहे. ती उणे दोन ते उणे तीनवर आणावी आणि अडीच हजार हर्ट्झची पट्टी एखाद-दुसऱ्या पायरीने वर करावी. बोसमध्ये खर्ज, मध्य, तार अशा तीनच पट्ट्या. तिथे खर्ज उणे तीन, मध्य अधिक एक. बारकाईने जुळवायची हौस असणाऱ्याला सोनी बरा. बोसचा 'इमर्सिव्ह' ध्वनी, म्हणजे गाणे आजूबाजूच्या जागेतून येत असल्याचा भास देणारी सोय, जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांवर चालू ठेवू नये. एका वाहिनीच्या गाण्याला तो खोटी खोली देतो आणि आवाज हॉलच्या कोपऱ्यातून आल्यासारखा होतो. बॅटरीही २४ तासांऐवजी १८ तासांवर येते. सोनीची रद्दीकरणासह ३० तास चालते. खरे सांगायचे तर २४ आणि ३० यांतला फरक रोज रात्री फोन चार्जिंगला लावणाऱ्याला कधी जाणवणार नाही. घाईच्या वेळी मात्र सोनी पुढे आहे: तीन मिनिटांत तीन तास, तेही यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा (जलद चार्जिंगच्या पद्धतीचा) चार्जर असेल तरच. बोसला पंधरा मिनिटांत अडीच तास. चार्जिंग चालू असताना एक्सएम५ वापरता येत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत.

घरून काम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार: गाणे छान वाजते, पण मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या रेडिओसारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. ब्लूटूथ एका वेळी एकतर चांगला स्टिरिओ ध्वनी पाठवते, नाहीतर दोन्ही बाजूंनी बोलणे. माइक चालू होताच ते दुसऱ्या पद्धतीवर जाते, जिची सँपलिंग (सेकंदाला आवाजाचे नमुने घेण्याची गती) १६ किलोहर्ट्झची असते, म्हणजे आठ हजार हर्ट्झच्या वरचे सगळे कापले जाते. दोन्ही हेडफोनना हे सारखेच लागू. उपाय सोपा आहे: मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन निवडावा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा. खोलीत पंखा जोरात असेल तर हे नको, तेव्हा हेडफोनचाच माइक बरा. गोंगाटातून समोरच्याला आपले बोलणे स्पष्ट पोचवण्यात सोनी उजवा आहे. दिवसभर कॉलवर असणाऱ्याने त्याचाच विचार करावा.

दोन उपकरणांशी एकदम जोडणी दोन्हींत आहे. फोनवर गाणे चालू असताना लॅपटॉपवर संदेशाची टिणटिण झाली की गाणे थांबते, यावर लॅपटॉपच्या सूचना मूक करणे हाच उपाय. सोनीत आपण बोललो की गाणे आपोआप थांबवणारी एक सोय आहे. गुणगुणायची सवय असणाऱ्याला ती वैताग देते. ॲपमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी बंद करावी.

केबलची गोष्ट छोटी, पण अडवते. कीबोर्ड किंवा हार्मोनियमचे ॲप वाजवताना, ध्वनी संपादित करताना ब्लूटूथचा उशीर सहन होत नाही, केबल लागतेच. सोनीच्या केबलला दोन्ही टोकांना नेहमीची ३.५ मिलिमीटरची पिन आहे, ती कोणत्याही गावात मिळते. बोसच्या हेडफोनकडच्या टोकाला २.५ मिलिमीटरची पिन लागते, ती सगळीकडे मिळत नाही. बोस घेणाऱ्याने जास्तीची एक केबल आधीच आणून ठेवावी.

एक्सएम५ दुमडत नाही, वाट्या फक्त सपाट फिरतात. त्यामुळे हेडफोनचा डबा मोठा होतो आणि ऑफिसच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी जागा अडवतो. कानाकडे जाणारी दांडी बारीक आहे. एका हाताने ओढून काढू नये, दोन्ही वाट्या दोन्ही हातांनी धरून किंचित फाकवाव्यात. बोस दुमडतो आणि पिशवीत मावतो. वजन दोघांचे २५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्यावरून निवड नको. डोक्यावर किमान वीस मिनिटे घालून बसावे. दुकानात पाच मिनिटांत दाब कळत नाही.

दुकानात तपासताना गाणे लावू नये. आधी हेडफोन घालून काहीही न वाजवता एसी किंवा पंख्याखाली उभे राहावे, रद्दीकरण चालू-बंद करून पाहावे. मग विक्रेत्याला दोन हातांवरून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगावे. मग दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन घरी फोन लावावा आणि समोरच्याला आपला आवाज कसा येतो ते विचारावे. चष्मा असेल तर हे सगळे चष्म्यासह. बाहेर येऊ न देणाऱ्या दुकानातून ३० हजारांची वस्तू घेऊ नये असे आमचे मत आहे.

नकली माल भरपूर आहे. खोका, अनुक्रमांक, डबा सगळे हुबेहूब असते. पण कंपनीच्या अधिकृत ॲपशी नकली हेडफोन नीट जोडला जात नाही. पैसे देण्यापूर्वी ॲप उतरवून जोडणी करून पाहावी. परदेशातून कोणाकडून मागवला तर इथे हमी चालते का, हे आधी विचारावे. जीएसटीचे बिल नसेल तर एक वर्षाच्या हमीचा आग्रह धरता येत नाही.

पाणी आणि घाम यांना दाद देणारे प्रमाणपत्र दोन्हींना नाही. पावसात, व्यायामशाळेत हे हेडफोन नेऊ नयेत, आणि दुचाकीवर तर मुळीच नाही. आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणात, आधी जातात त्या गाद्या. त्यांच्यावरचे कृत्रिम चामडे पॉलियुरेथेनचे असते आणि उष्ण दमट हवेत पाण्याच्या वाफेने त्याची साखळी तुटत जाते. दोन-तीन पावसाळ्यांत ते पापुद्र्यांनी सुटू लागते. वापरून झाल्यावर गाद्या कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात. स्पिरिट, सॅनिटायझर लावू नये. ओलसर गादी तशीच डब्यात बंद करू नये, आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात. गाद्या दोन्हींच्या काढता-घालता येतात. बदलताना स्वस्त बनावटीच्या घेण्याचा मोह होतो, पण त्यांची जाडी आणि फोमची घनता वेगळी असते. आतला माइक कानापासून जेवढ्या अंतरावर आहे असे चिप धरून चालते ते अंतरच बदलते. रद्दीकरण कमजोर होते, कधी वाटी दाबली की बारीक शीळ येते. मालक समजतो हेडफोन जुना झाला.

एवढे सगळे एका तक्त्यात मावणार नाही हे आम्हांला कळते. तरी पुढच्या वेळी अशी तुलना छापताना डेसिबलचा रकाना काढून तिथे मूळ बनावटीच्या गाद्यांची किंमत, आणि त्या आपल्या शहरात मिळतात की मागवाव्या लागतात, एवढी माहिती द्यावी ही विनंती.

आपले,
दोन ध्वनितंत्रज्ञ वाचक, ठाणे